चैत्रांगणाचं उघडं दार

संगणकाला माझ्या बायकोची रेघ जमेना, याचा मला मनातून आनंदच झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवाल. मी श्यामसुंदर, ऑडिट खात्यातला माणूस. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा धंदा. आणि लग्न झालं ते अशा बाईशी, की तिच्या रांगोळीत आजवर मला बोट ठेवायला जागा सापडलेली नाही.

शोभना दर चैत्रात दारासमोर चैत्रांगण काढते. चैत्रातल्या तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. ती आहे तोवर रोज सकाळी दार झाडून चित्र नव्याने काढायचं. मधोमध पाळण्यातली गौर, भोवती शंख, चक्र, हत्ती, कासव, तुळशीवृंदावन, पाखरं. बदली कुठल्याही गावी होवो, सरकारी क्वार्टर कितीही पडकं मिळो, हे चुकलं नाही. तिच्या चिमटीतून रेघ सुटते ती सुरुवातीला भरदार आणि शेवटी केसासारखी बारीक. मला तर ऑफिसला उशीर व्हायचा तिच्यामागे उभं राहून.

या हिवाळ्यात तिचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या, पण थरथर राहिली ती राहिलीच. फाल्गुन सरत आला तेव्हा एका सकाळी तिने दारात बसून एक हत्ती काढून पाहिला. मग तळव्याने तो पुसला आणि म्हणाली, "यंदा राहू दे हो. गौरीला असल्या वाकड्या घरात कशाला बसवायची?"

हे ती अगदी शांतपणे म्हणाली. भांडली असती, रडली असती तर मी काहीतरी बोललो तरी असतो.

बोलली ती आमची लेक. रेवा इथे डिझाइन शिकते. माझ्या बदल्यांपायी ती हिंदी मुलखात वाढली, म्हणून तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं. "बाबा, स्टेन्सिल बना लेते हैं. आई की पुरानी रंगोली का. आई सिर्फ ऊपर से पावडर डालेगी."

कल्पना फक्कड होती. अडचण एकच. जुन्या चैत्रांगणाचा फोटो आमच्याकडे एकुलता एक, जबलपूरच्या क्वार्टरमध्ये मी जुन्या मोबाइलवर काढलेला. त्यात कोपऱ्यात माझ्या चपलेचं टोकसुद्धा आलेलं. दाराएवढा मोठा करायला गेलं की हत्तीचे चौकोनी तुकडे व्हायचे.

रेवाने मला समजावलं ते मला पटलं. फोटो म्हणजे नुसते दाणे, मोठा केला की दाणेच मोठे होतात. त्याचं व्हेक्टर केलं तर दाण्यांऐवजी रेघ कुठून निघाली आणि कशी वळली एवढंच उरतं. मग ती कितीही ताणा, रेघ रेघच राहते. हे करून देणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, त्यातलं कुठलं घ्यायचं एवढाच प्रश्न.

पहिलं इंटरनेटवरचं, फुकट आणि झटपट. त्याला रांगोळी कुठली आणि मोझॅक फरशी कुठली हेच कळेना. फरशीतले खडेसुद्धा त्याने इमानेइतबारे उतरवले. गौरीच्या पाळण्यात मुंग्यांचं वारूळ झालं. मी खूश.

दुसरं मात्र भारी निघालं. एआयवालं. फोटो टाकला आणि डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर चैत्रांगण हजर, धुऊन इस्त्री केल्यासारखं. हत्तीचे चारही पाय सारखे, चक्र कंपासने काढल्यासारखं. खोट काढायची माझी सवय, पण तोंड उघडंच राहिलं. "हेच घे," मी रेवाला म्हणालो, "पक्का!"

आम्ही लॅपटॉप शोभनापुढे ठेवला. तिने चष्मा पुसून पाहिलं. वाण्याने दिलेलं कॅलेंडर पाहावं तसं पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणी काढलंय?"

रेवाचा चेहरा उतरला. "आई, आपकी ही है."

"माझी?" शोभना पुढे झुकली. "मग चौकट बंद का केलीस? उंबऱ्याकडची बाजू मी उघडी सोडते. गौर आत येणार कुठून? आणि पाखरांपुढचे दाणे कुठे गेले?" मग तिचं थरथरतं बोट कोपऱ्यावर टेकलं. "अन् ही कैरी कुणी आणून ठेवली?"

कैरी कसली, माझी चप्पल होती ती! त्या हुशार यंत्राने तिला देठ लावून, पान लावून कैरी करून टाकली होती. शोभना खळखळून हसली. कित्येक दिवसांनी हसली. मीही हसलो, पण शरमलोही. चौकट उघडी सोडलेली मी इतकी वर्षं पाहत होतो, आणि बंद झालेली माझ्या लक्षात आली नव्हती. यंत्राला ती फट म्हणजे चूक वाटली आणि दाणे म्हणजे धूळ. मला तर काहीच वाटलं नव्हतं.

रेवाने ते सॉफ्टवेअर बंद केलं आणि एक जुनाट दिसणारं उघडलं. त्यात आपोआप काही होत नव्हतं. ठिपके किती लहान असले तर गाळायचे, फटी सांधायच्या की नाही, वळणं किती गुळगुळीत करायची, सगळं आपण सांगायचं. रेवाने सांधणं बंद केलं, गाळणं बंद केलं आणि फरशीचे खडे एकेक करून हाताने पुसले. दाणे राखले. रविवारचा अख्खा दिवस गेला. मी शेजारी बसून चहा करून देत होतो.

"बाबा, देखो," एकदा ती म्हणाली, "कासव के पैर पे आई हमेशा थोड़ा रुकती है. यहाँ लाइन मोटी है. ये नहीं जाना चाहिए."

जी मुलगी आईला मराठीत उत्तर देत नाही, तिला आईचा हात कुठे थांबतो ते ठाऊक होतं. मला माझ्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. ती म्हणाली, "बाबा, माउस हिल रहा है."

सेक्टर बावीसमधल्या बोर्ड बनवणाऱ्याकडे पातळ अ‍ॅक्रिलिकमध्ये साचा कापायला टाकला. तिथे रेवाने आणखी एक गंमत सांगितली. साच्यात रेघ म्हणजे आरपार चीर. जी रेघ पुरी बंद होते, तिच्या आतला तुकडा गळून पडतो. शंखाला, चक्राला तिने म्हणून मध्ये न कापलेले बारीक पूल ठेवले होते. पण बाहेरच्या चौकटीला काही करावं लागलं नाही. शोभनाने गौरीसाठी सोडलेल्या दारावरच आतलं सगळं चैत्रांगण तोलून राहिलं होतं.

तृतीयेच्या सकाळी मी दारातली पानगळ झाडून काढली. रेवाने साचा अंथरला. शोभना पाटावर बसली, पण रांगोळीला हात लावेना. "तुम्हीच घाला," ती मला म्हणाली. "माझा हात बघताय ना?"

मी चहाची मोठी गाळणी घेतली, रांगोळी भरली आणि आपटली. भसकन ढीग पडला. पुन्हा आपटली, पुन्हा ढीग. हत्तीच्या पाठीवर डोंगर उभा राहिला.

"अहो, द्या इकडे!" तिच्याने पाहवेना. तिने माझा डोंगर तळव्याने सारला, गाळणी माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि साच्यावर धरली.

नुसती धरली. हलवायची गरजच नव्हती. हात थरथरत होता आणि गाळणीतून रांगोळी झिरमिर झिरमिर पडत होती. कुठे ढीग नाही, कुठे तूट नाही. तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि गाळणी पाळण्यावरून हत्तीवर, हत्तीवरून कासवावर नेत राहिली. रेवा भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी उघडपणे डोळे पुसले.

रेवाने आणि मी मिळून साचा अलगद उचलला. खाली शोभनाचं चैत्रांगण होतं. भरदार रेघ, केसासारखं टोक, चोचीपुढे दाणे, उंबऱ्याकडे उघडं दार.

समोरच्या ढिल्लों आंटी दूध घेऊन जिना चढत होत्या. थबकल्या. "हाय, किन्नी सोहणी! किन्ने बणाई?"

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मीही सॉफ्टवेअरबद्दल बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

शोभनाने थरथरता हात पदराला पुसला आणि म्हणाली, "मैंने बनाई, जी. कल फिर बनाऊँगी."