रुपलीच्या लेकीला तोलणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना लटकता काटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळेची गोल तबकडी आणि तिच्यावर एक काळी सुई, एवढाच माझा संसार. साक्रीहून डोंगराकडे जाताना लागणाऱ्या एका गावच्या दवाखान्यात, अडगळीच्या खोलीत मी पडून असतो. माझा स्वभाव मोठा संशयी. तो तसा का झाला आणि त्यापायी माझी मान खाली कशी गेली, ते आज सांगतो.

मला कुठे घडवलं ते आठवत नाही. आठवतं ते केवलचंद शेठांचं दुकान. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं मोहाची फुलं, चारोळी, डिंक घेऊन येत. शेठ सरळ माणूस. पण कुणाच्या टोपलीच्या तळाशी गारगोट्या निघत, कुणाचा डिंक ओला असे. शेजारच्या दुकानातला काटा तर रिकामा असतानाही पावशेर दाखवी! हे बघून बघून माझं मन विटलं. आकड्याला काही अडकलं की मी आधी विचार करी, यात खोट कुठे आहे?

पुढे शेठांनी मोठा तराजू घेतला. त्यांच्या पत्नी सूरजबाई म्हणाल्या, "दवाखान्यातल्या बाई लेकरं हातावर तोलतात. हा काटा त्यांना देऊन टाका."

अशा रीतीने मी दवाखान्याच्या ओसरीत आढ्याला लटकलो. प्रमिलाबाई नर्स आकड्याला कापडाची झोळी बांधीत आणि दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, लेकरांची वजनं घेत. इथे तरी खोट नसेल असं मला वाटलं होतं. पण शेजारणीच्या पोरापेक्षा आपलं जड भरावं म्हणून आया लेकरांच्या हातापायांत चांदीचे वाळे घालून आणीत. प्रमिलाबाई ते हसत हसत काढून ठेवीत. मी मात्र हसत नसे.

पंचाहत्तर सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी रुपली आली. कडेवर तीन महिन्यांची लेक. नजर न लागता मुलगी जगावी म्हणून आजीने तिचं नाव ठगी ठेवलं होतं. नावच ठगी! माझ्यासारख्याला संशय घ्यायला आणखी काय हवं?

रुपली सातवी शिकलेली होती. शाळेत असताना पळण्यात तालुक्यात पहिली आलेली. नवरा तेरसिंग रस्त्याच्या कामावर खडी फोडी. दसऱ्यानंतर धुळ्याला बायकांची पोलीस भरती होणार होती आणि तिथे मैदानाच्या दोन फेऱ्या पळून दाखवायच्या होत्या.

"बाई, मी काल पळून पाहिलं," ती म्हणाली. "पन्नास पावलांत दम गेला. कंबर माझी नाहीच असं वाटलं. छाती दुधाने ठणकत होती. आता माझ्याने पळणं होणार नाही का?"

प्रमिलाबाईंनी तिला खाली बसवलं. "नऊ महिने पोर वाढवलंस, आता अंगावर पाजतेस. अंगातली सगळी ताकद तिकडे जाते. लगेच पळायचं नाही. आधी नुसतं चाल. ओटीपोटात ओढ लागली तर थांब. पोरीला पाजून मगच निघ, म्हणजे छाती हलकी राहील. वरून लुगड्याची पट्टी घट्ट बांध. आणि खा! नागलीची भाकर, गूळ, शेंगदाणे. पोर झोपली की तूही झोप."

दारात रुपलीची सासू मोगराबाई उभी होती. ती पुढे आली.

"बाळंतीण पयनी की दूध आटी जास, बाई. पोर सुकी जाई, मंग काय करानं?"

"अक्का, पोटभर खाल्लं तर दूध आटत नाही."

"तुम्ही सांगतस. बठ्ठा गाव येगळं सांगस." मोगराबाईने माझ्याकडे बोट केलं. "दर बाजारले मी पोरले आठे आनसू. सुई चढनी तर पय. उतरनी तर तुनं पयनं बंद."

"कबूल, माय," रुपली म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, माझा मान केवढा वाढला! एका बाईची नोकरी माझ्या सुईवर लटकली होती.

समोरच्या शाळेच्या मैदानावर रुपली आधी नुसती चालत असे. मग शंभर पावलं पळे, दोनशे चाले. आषाढ संपेपर्यंत ती एक पुरी फेरी पळू लागली. ओसरीत येऊन भिंतीला टेकून बसे, घाम पुसे, तांब्याभर पाणी पिई आणि ठगीला पदराखाली घेई. ठगी चढत होती. साडेचार किलो, पाच, सव्वापाच, साडेपाच. तरी मला खरं वाटेना. झोळीत कुणी काही लपवलं तर नाही? रुपलीला नोकरी हवी होती आणि गरज पडली की माणूस काय काय करतो ते मी दुकानात पाहिलं होतं.

श्रावणात एका शुक्रवारी मोगराबाईने पोरीला झोळीत ठेवलं आणि माझी सुई सव्वापाचवर थांबली.

प्रमिलाबाईंनी पुन्हा वजन केलं. सव्वापाच.

"दखा," मोगराबाई म्हणाली. तिने पोरीला उचलून पोटाशी धरलं. "मी काय सांगत व्हतू?"

रुपलीने छातीवरची पट्टी तिथेच सोडली आणि घडी करून पिशवीत टाकली. मैदानाकडे तिने बघितलंही नाही.

आता माझा संशय सासूवर गेला. हिला सुनेचं पळणं नकोच होतं. आधी पोरीच्या कमरेला काही जड बांधलं असेल आणि आज मुद्दाम काढलं असेल! मी तिच्या म्हाताऱ्या बोटांकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो.

रुपलीचं पळणं बंद झालं. दोन शुक्रवार गेले आणि दोन्ही वेळा सुई सव्वापाचवरच. तिसऱ्या शुक्रवारीही तेच. रुपली म्हणाली, "तीन आठवडे मी घरात बसून आहे. मग पोर चढत का नाही?"

तेवढ्यात मोगराबाईने ठगीच्या कमरेचा काळा करगोटा चाचपला आणि ती हळूच म्हणाली,

"बाई, एक सांगू? हाई पोर सुकनी नही. मी हाऊ करगोटा या महिनामा दोनदाव ढिला कया. मी सोता कया. हाऊ काटाच खोटा शे."

मित्रांनो, जिच्यावर मी डोळा ठेवून होतो, तिनेच खरं सांगितलं. स्वतःचा शब्द खाली पडेल हे ठाऊक असूनही सांगितलं.

प्रमिलाबाईंनी केवलचंद शेठांना बोलावलं. ते पाच किलोचं लोखंडी माप घेऊन आले आणि त्यांनी ते माझ्या आकड्याला अडकवलं. सुई साडेचारवर अडली. शेठांनी माझी तबकडी उघडली. ओसरीचं कौल फुटलं होतं. पावसाचं पाणी महिनाभर माझ्या अंगावर ठिबकत होतं आणि स्प्रिंग गंजून गेली होती. ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बाई, काट्याला वरचेवर माप लावून बघायला हवं होतं," शेठ म्हणाले.

"चुकलंच माझं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

शेठांनी मला घासलं, तेल दिलं आणि पुन्हा माप लावलं, तेव्हा सुई बरोबर पाचवर आली. मग ठगी झोळीत बसली. पावणेसहा! रुपलीने पोरीला उचलून छातीशी घेतलं आणि ती रडू लागली. मोगराबाईने पिशवीतली पट्टी काढली आणि सुनेच्या पाठीमागे उभी राहून स्वतःच्या हाताने बांधली.

गेलेले तीन आठवडे भरून काढणं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी रुपली अर्ध्या फेरीतच बसली. पण आता पाणी मोगराबाई भरू लागली. भाकरीवर गूळ ती स्वतः ठेवी आणि सून निजली की ठगीला घेऊन शेजारी जाई.

धुळ्याचं मैदान मी पाहिलं नाही. तिथलं मोगराबाईनेच ओसरीत येऊन सांगितलं. "बाई, दुसरी फेरी व्हती. कडेले पोर रडाले लागनी. वहू तिकडेच दखे, मांगे पडाले लागनी. मंग मी जोरमा वरडनू, इकडे दखू नको! पय! पोरले मी सांभाळस! तशी जी पयनी, बाई! मन्ही वहू पोलीसमा लागनी!"

त्यानंतर काही वर्षांनी दवाखान्यात नवा काटा आला आणि मी या खोलीत आलो. इथे आता माझ्याने काही तोललं जात नाही.

बालमित्रांनो, तुमच्या घरात, दुकानात, शाळेत काटा असेल तर त्याला तेल देत जा, खरं माप लावून तपासत जा. आणि कुणी नुकती बाळंतीण झालेली बाई पुन्हा पळू पाहत असेल, तर तिचं पळणं काट्याच्या सुईवर लटकवू नका. आधी तिचं पोर थोडा वेळ सांभाळा.