बंद घड्याळाची नोंद

कारखान्यात पाचशे माणसं त्याला मोठे साहेब म्हणायची. घरात मात्र एक्याऐंशी वर्षांचा झाला तरी तो धाकटाच होता.

औषधाच्या कंपनीला पन्नास वर्षं पुरी होत होती. कारभार आता लेकीकडे होता. तिनं एका सकाळी कपाटाच्या तळातून जुनी प्रयोगवही उपसून काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"बाबा, ही दारातल्या दालनात काचेखाली ठेवायची. हे पान उघडं. तुमचंच अक्षर बघा. 'एकविसावा दिवस. मोठा भाऊ. ताप नाही, उलटी नाही, श्रवण ठीक.' आणि पडदा काकांच्या हातून उघडायचा. ऐकू येत नसलं म्हणून काय झालं? दोरी ओढायला कान कुठं लागतात?"

ती हसली. धाकट्याला हसू फुटेना. "श्रवण ठीक" या दोन शब्दांवर त्यानं तळहात ठेवला, जसं लहान पोर फोडलेली बशी पायाखाली लपवतं.

मोठा भाऊ, दादा, घड्याळजी होता. कानाला लावलं की घड्याळाचं दुखणं सांगायचा. उघडून बघायची गरज नसे. त्याच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत धाकट्यानं लाकडी खोक्यांवर काचेची भांडी मांडली, आणि मातीतल्या एका जंतूपासून क्षयावरचं औषध काढलं. तेव्हा क्षय झाला की माणूस दोन वर्षांत खंगून जायचा. धाकट्याचा नियम एकच होता: आधी घरचे, मग दारचे. जे आपण टोचून घेणार नाही, ते परक्याला द्यायचं नाही. म्हणून तो स्वतः सुई घेई आणि दादाही बाही वर करून बसे.

"टोच बाबा," दादा म्हणायचा. "लहानपणी तुला चिमटे काढले, त्याचं उट्टं काढून घे."

धाकट्याला काही झालं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात त्याला एक गोष्ट दिसली. दादा दुरुस्त केलेलं घड्याळ स्वतःच्या कानाला न लावता बायकोच्या कानाला लावू लागला. "बघ गं, चालतंय का?" वहिनीला वाटलं, लाडात आलेत. धाकट्याला मात्र उंदीर आठवले. औषध टोचलेले काही उंदीर टाळी वाजवली तरी दचकेनासे झाले होते. घड्याळाची टिकटिक बारीक. कान जायला लागले की आधी तीच जाते.

एकविसाव्या दिवशी त्यानं खिशातलं घड्याळ काढून दादाच्या कानाशी धरलं, मग कानामागच्या हाडावर टेकवलं.

"येतंय ऐकू?"

"येतंय की! चांगलं खणखणीत."

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं वहीत लिहिलं. दादा गेल्यावर वेळ टाकायला घड्याळ पाहिलं, तर काटे सकाळच्या सव्वानवावर थांबलेले. प्रयोगांच्या धांदलीत किल्ली द्यायचीच राहिली होती. घड्याळ बंद होतं.

प्रयोगवहीत चुकलं तर खाडाखोड करायची नसते. चुकीवर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. पेन हातातच होतं. पण चार दिवसांनी औषध दवाखान्यात जायचं होतं, आणि तिथं माणसं मरायला टेकलेली होती. उद्या लिहू, असं तो म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

हजारो लोक वाचले. त्यातल्या काहींचे कान गेले. औषधासोबतच्या कागदावर धोक्याची ओळ आली ती चार वर्षांनी, बाहेरून पत्रांवर पत्रं आल्यावर. एक पत्र शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. "मी जगले, तुमचे उपकार. पण बाळ रडलेलं मला कळत नाही. आधी सांगितलं असतं तरी मी औषध घेतलंच असतं. पण सांगायला हवं होतं." ते पत्र धाकट्यानं त्याच वहीत घालून ठेवलं होतं, आणि वही कपाटाच्या तळाशी.

दुपारी तो वही काखोटीला मारून दादाकडे गेला. वहिनीनं दार उघडलं.

"या भावजी! एवढ्या उन्हात? सगळ्या जगाला औषध दिलंत, स्वतःसाठी शहाणपणाची एक गोळी काढा की."

दादा खिडकीपाशी बसला होता. त्याच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. धाकट्यानं पाटी मांडीवर घेतली. तोंडानं बोलून मोकळं होणं वेगळं. हे अक्षर अक्षर लिहावं लागलं. "त्या दिवशी घड्याळ बंद होतं. मला लगेच कळलं होतं. तरी मी ठीक लिहिलं."

दादानं भिंग लावून वाचलं. मग बोलला तो मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाज त्याला कळत नसे.

"हाडावर घड्याळ टेकलं की धडधड लागते रे. मी घड्याळजी आहे. बंद आहे ते मलाही कळलं होतं."

धाकट्यानं नुसतेच ओठ हलवले: "मग?"

"तू 'हो' ऐकायला बसला होतास. तोंड बघवत नव्हतं तुझं. म्हटलं, देऊन टाकू एक 'हो'." दादानं पाटी परत सरकवली. "माझे कान मी तुला दिले, धाकट्या. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पण बाकीच्यांनी दिले नव्हते. त्यांचे तू घेतलेस."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. "तेव्हापासून माझा कान वापरतात हे," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, लाड करतात."

धाकट्यानं तिथंच वही उघडली. "श्रवण ठीक"वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, "घड्याळ बंद होते. मला माहीत होते." सही केली आणि आजची तारीख टाकली.

संध्याकाळी लेकीनं ते पान पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, वकील काय म्हणतील? लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. पान हेच उघडं ठेव. आणि हे पत्र शेजारी."

"आणि पडदा? काका येतील आता?"

"ते येतीलच. वहिनींना पुढं बसव; दादाचे कान त्याच आहेत," तो म्हणाला, आणि खिशातल्या घड्याळाला किल्ली देऊ लागला. तिनं वही मिटली नाही; पण काचेच्या पेटीची किल्लीही त्याच्या हातात दिली नाही.