आयांची शर्यत

“आणि हसत पळ हं, आई. बाकीच्या आया हसत पळतात. तू पळताना कोणाला तरी खायला निघाल्यासारखी दिसतेस.”

सातवीतल्या मुलीने हे शाळेच्या फाटकातच बजावलं. आईने मान डोलावली. कधीकाळी ती देशातली सर्वांत वेगवान बाई होती, पेपरवाले तिला ‘गोळी’ म्हणत. आता गुडघ्याला पट्टा बांधून ती वीजबिलाच्या खिडकीमागे बसे. हसत पळायचं म्हणजे हरायचं; आणि आयांच्या शर्यतीत हरायला काय मोठी अक्कल लागते, असं तिला खरोखरच वाटत होतं.

पीटीच्या मास्तरांनी मैदानावर सुरुवातीची तेवढी रेघ मारली होती. पर्सा कोणाकोणाच्या गळ्यात अडकवून आया खिदळत उभ्या राहिल्या. गोळीच्या शेजारी शिंपीणबाई होती, मुलीच्या जिवलग मैत्रिणीची आई.

“तुम्ही सूर्य, आम्ही काजवे! जरा सांभाळून घ्या बाई,” ती म्हणाली.

गोळी हसली. मग तिची नजर मास्तरांच्या गालांकडे गेली. शिट्टी वाजण्याआधी गाल फुगतात. गाल फुगले आणि ती सुटली. शिट्टी तिला मागून ऐकू आली.

तरीही अर्ध्या वाटेवर शिंपीणबाई पुढे! काटक बाई, लेकीकडे बघून हात हलवत मजेत पळत होती. गोळीचं डोकं फिरलं. ती आखलेल्या रेघा नसलेल्या मैदानांवर पळायला शिकली होती. तिथं शेजारणीला कोपराने जरा बाजूला सारणं कोणाला शिकवावं लागत नसे. कोपर आपणहून उठलं. छातीला फीत लागली, दोन्ही हात वर गेले, आणि मगच तिला कळलं की टाळ्या वाजत नाहीयेत.

शिंपीणबाई मातीत बसली होती, गुडघा सोलवटलेला. तीच उलट म्हणाली, “माझाच पाय अडकला हो. शेवटी चँपियन ती चँपियन!”

“नाही, माझं कोपर लागलं. आणि मी शिट्टीच्या आधीच सुटले,” गोळी मास्तरांना म्हणाली.

“राहू द्या हो मॅडम, गंमत आहे ही,” म्हणत मास्तरांनी बक्षिसाचा डबा तिच्या हातात कोंबला.

शरमेने तिचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कोणीतरी निदान चार शब्द सुनावायला हवे होते.

मुलगी बाटलीतल्या पाण्याने मैत्रिणीच्या आईचा गुडघा धूत होती. धुऊन झाल्यावर ती बाटली घेऊन आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, “पदकं पण अशीच मिळवलीस?”

“नाही गं. मोठ्या मैदानात प्रत्येकीची वाट आखलेली असते. तिथं कोपर लावलं की बाद.”

“आणि मोठ्या मैदानात जायच्या आधी?”

गोळीला पहिल्या निवडीचं मैदान स्वच्छ दिसलं, बिनरेघांचं. शेवटच्या वळणावर आडवी झालेली लांब वेण्यांची मुलगीही दिसली. ती नंतर कुठल्याच शर्यतीत भेटली नाही.

“व्हायचं कधीकधी,” ती म्हणाली.

मुलीने बाटलीचं झाकण लावलं आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली.

घरी जाताना शिंपीणबाईला एका बाजूने तिच्या लेकीने धरलं, दुसऱ्या बाजूने गोळीच्या लेकीने. गोळी मागून चालत होती. लंगडणाऱ्या बाईच्या चालीने चाललेल्या त्या तिघींना गाठणं काहीच कठीण नव्हतं. गोळीने पावलं आणखी लहान केली.