शिक्क्याच्या वीस घंट्या

काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा स्वभावही काट्यासारखा होतो म्हणतात. इतरांचं माहीत नाही, या काटेवाल्याचा झाला होता खरा. दुकानात आलेला तराजू धान्याचा असो की सोन्याचा, दुरुस्त झाला की तो त्याच्या बुडाला नंबर ठोकायचा आणि वहीत त्या नंबरापुढे मालक, तारीख, ठिकाण असं सगळं लिहून ठेवायचा. गिऱ्हाईक कितीही घाईला आलं तरी याचं आपलं चालूच. "बिननंबरचा काटा बाहेर गेला, की उद्या कुणाचंही पाप माझ्या माथी," असं तो चष्म्यावरून बघत म्हणायचा.

तीच सवय त्याच्या मुळावर आली. त्या दिवशी दुपारी दोन वाजता, भेटीला आलेली माणसं निघून गेल्यावर, तो हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डात शिरला, तेव्हा त्याच्या हातात एक रिकामी जाड कापडी पिशवी होती आणि खिशात कंपनीचं पत्र. पत्राखाली यादी होती. एक ते वीस नंबर, आणि प्रत्येकापुढे कॉटचा आकडा. यादी टाईप केलेली होती, पण तिच्यातला शब्द न् शब्द त्याच्याच वहीतून उचललेला होता.

वॉर्डाची इनचार्ज म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. सगळं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणायचं, पण बहीण म्हणून तिचे धपाटे खाल्लेला असा हा एकटाच. आठ महिन्यांनी ती रिटायर होणार होती. टेबलाशी उभी राहून ती कॉटवार गोळ्या लावत होती. पिशवी बघून तिने मान वर केली.

"काय आणलंस?"

"आणलं नाही, ताई. न्यायला आलोय."

त्याने पत्र पुढे केलं. ताईने हात पुसले, पत्र वाचलं, यादीही वाचली. मग समोरच्या दोन रांगांकडे बघितलं. तीस कॉट. त्यातल्या वीस कॉटच्या स्टँडवर सलाईनची बाटली आणि स्टँडचा हूक यांच्यामध्ये पितळेची एकेक घंटी लटकत होती.

या घंट्यांचं मूळ याच वॉर्डात, चार नंबरच्या कॉटवर होतं. पाच वर्षांपूर्वी तिथे त्यांची आई होती. ताईने भावाला स्टुलावर बसवून सांगितलं होतं, बाटली संपत आली की नळीचं चाक बंद कर आणि मला हाक मार. एवढंच काम. दुपारी तीनच्या सुमाराला याचा डोळा लागला. जाग आली ती ताईच्या पावलांनी, आणि तोवर आईचं रक्त नळीत अर्ध्यापर्यंत उलटं चढलं होतं. आई त्यातून निभावली, पुढे दोन वर्षं चांगली जगली. ताईने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण ती लाल नळी याच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्याने दुकानातला एक जुना स्प्रिंगकाटा उघडला. भरलेली बाटली जड, रिकामी हलकी. मग बाटलीलाच सांगू दे ना, मी संपत आले म्हणून. बाटली काट्याला टांगायची. ती हलकी होत गेली की स्प्रिंग वर जाते, आणि तळाशी बोटभर पाणी उरलं की गजराच्या घड्याळातली हातोडी सुटते आणि घंटीवर बडवत राहते. चावी संपेपर्यंत, नाहीतर कुणी येऊन खिट्टी लावेपर्यंत. ना वीज, ना सेल. सोनाराच्या काट्यात ओतला नसेल इतका जीव त्याने त्या स्प्रिंगेत ओतला होता.

कुणाला दाखवायच्या आधी पेटंटचा अर्ज कर, असा शहाणा सल्ला त्याला एका डॉक्टरने दिला आणि त्याने तो ऐकला. मग पहिली घंटी ताईने स्वतःच्या जबाबदारीवर टांगली. मोठ्या डॉक्टरांची बोलणी खाल्ली. महिन्याभरात तेच डॉक्टर विचारू लागले, बाकीच्या कॉटना कधी? दुपारपाळीला तीस कॉटमागे एक नर्स आणि एक मावशी. डोळे दोनच, पण कान वॉर्डभर पोचतात, असं ताई म्हणायची. वर्षभरात वीस घंट्या झाल्या. प्रत्येकीच्या बुडाला नंबर, आणि वहीत प्रत्येकीची कॉट.

पेटंट हातात पडलं तेव्हा काटेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. पाठोपाठ कंपनीचे साहेब दुकानात आले. उकाड्यातही टाय, म्हणून शेजारपाजारचे त्यांना टायवाले म्हणू लागले. मोडक्या स्टुलावर बसून ते म्हणाले, "तुमची घंटी आम्ही प्रत्येक हॉस्पिटलात पोचवू. तुम्ही एकटे आयुष्यात किती करणार? दोनशे? आम्ही दोन लाख करू." काटेवाल्याला दोन लाख घंट्या ऐकू यायला लागल्या. वर सल्लागार म्हणून पद, ओळखपत्र. सध्या कुठे कुठे वापरात आहे, असं त्यांनी सहज विचारलं, आणि याने कौतुकाने वही उघडून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टायवाल्यांनी पानांचे फोटो काढले आणि म्हणाले, "काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं."

करार त्याने चार दिवस वाचला. आधीचे सर्व नमुने खरेदीदाराच्या मालकीचे, या ओळीशी तो अडलासुद्धा. टायवाले म्हणाले, "ती औपचारिकता असते." औपचारिकता हा शब्द ज्याने काढला त्याला उलटा टांगायला हवा.

त्याने सही केली, त्याला दीड वर्ष होऊन गेलं आणि कंपनीने एक घंटी केली नाही. कंपनी सलाईन सोडणारे विजेचे पंप विकायची. प्रत्येक पंपाला त्याच कंपनीची नळी लागते, आणि प्रत्येक पेशंटला नवी. एका स्प्रिंगवर दहा वर्षं चालणारी वस्तू असली कंपनी कशाला करेल? तिने पेटंट घेतलं ते कुलपात घालायला. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण काटेवाला 'बाजार अजून तयार नाही' या उत्तरावर दर महिन्याला समाधान मानत राहिला. मग हॉस्पिटलने कंपनीला कळवलं, आमच्याकडे घंट्या आहेत, पंप नकोत. आठवड्यात हे पत्र निघालं. नमुने परत करा, नाहीतर हॉस्पिटलवर आणि ते वापरणाऱ्या इनचार्जवर दावा.

ताईने पत्राची घडी घातली.

"पंप दोन दिलेत त्यांनी, बघायला म्हणून," ती म्हणाली. "एक वरच्या स्पेशल खोलीत लागलाय. दुसऱ्याच्या नळ्या संपल्यात."

"परका माणूस येऊन तुला चार शब्द बोलणार. त्यापेक्षा मीच आलो."

"माझ्यासाठी आलास होय? बरं झालं सांगितलंस." ताईने गोळ्यांचा ट्रे बाजूला सारला. "सांग त्यांना, पाच मोडल्या, सात हरवल्या."

"मोडली तर मोडकी द्यायची आहे. नंबर आहेत ना सगळ्यांना."

"मग या ने, आणि गुपचूप दुसऱ्या वीस करून दे. बिननंबरच्या."

तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिला.

"करारात तेही आहे," तो शेवटी म्हणाला. "मी असलं काही बनवायचं नाही. आणि तुझ्या पेन्शनवर आलं तर?"

"माझी पेन्शन माझी मी बघेन. तुला भीती कशाची आहे ते बोल."

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला तोंडाने म्हणवेना. त्या पेटंटच्या कागदावर त्याचं नाव होतं. दुकानात काचेखाली तो कागद टांगलेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याला अहोजाहो करत होती. हे ताईला न सांगताच कळलं असावं. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "काढ."

त्याने पहिल्या कॉटपासून सुरुवात केली. बाटली एका हाताने पेलायची, खिट्टी लावायची, घंटी सोडवायची, बाटली नुसत्या हुकाला अडकवायची. हात इतके सवयीचे, की एकाही बाटलीचा थेंब चुकला नाही. सात नंबरचे आजोबा म्हणाले, "अहो, घंटीवाले, कुठे नेता? तिच्या जिवावर मी डुलकी काढतो."

"तपासणीला," तो म्हणाला.

"खोटं नको बोलूस," ताई पलीकडून म्हणाली. "कायमच्या नेतोय, आजोबा. तुम्ही आता बाटलीकडे लक्ष ठेवा."

आजोबांनी बाटलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग कूस बदलून त्यांनी बाटलीवर नजर लावली.

विसावी घंटी निघाल्यावर ताईने कोपऱ्यातलं स्टूल ओढून मधोमध ठेवलं. तेच जुनं, एक पाय आखूड असलेलं. "मला ड्रेसिंगं करायची आहेत, मावशी खाली औषधं आणायला गेल्यात. तेवढा वेळ बस इथे. वीस बाटल्या आहेत. संपत आली की चाक बंद कर आणि मला हाक मार."

तो बसला. एका बाटलीवरून दुसरीवर नजर फिरवू लागला. पहिली पाच मिनिटं त्याने डोळ्याची पापणी लवू दिली नाही. मग त्याला आठवलं, यादीवर खुणा करायच्या आहेत आणि ताईची सही घ्यायची आहे. त्याने पिशवी मांडीवर घेतली. एक घंटी काढायची, नंबर वाचायचा, खूण करायची. मध्येच वर बघायचं. सगळं नीट चाललं होतं. एका घंटीचा आकडा मात्र हाताळून हाताळून झिजला होता. अकरा की एकोणीस? त्याने चष्मा काढला, घंटी डोळ्यांजवळ नेली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. चुकीची खूण त्याने करणं शक्यच नव्हतं. एकोणीसच, त्याची खात्री पटली, आणि त्याने खूण केली.

"अहो!" सात नंबरचे आजोबा ओरडले. "अकरा बघा, अकरा!"

अकरा नंबरच्या कॉटवरच्या बाईंची बाटली कधीच संपली होती. नळीत रक्त वीतभर वर चढलं होतं. त्या बाई नुसत्या नळीकडे बघत होत्या. काटेवाला उठायच्या आत ताई तिथे पोचली होती. तिने चाक बंद केलं, नळी सोडवली, सुई चाचपली. सुई बंद पडली होती. त्याच बाईंची शीर सापडायला सकाळी अर्धा तास लागला होता; दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे झाले होते. ताई कॉटवर टेकली, तो हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि पुन्हा शीर शोधू लागली. पहिल्यांदा टोचलं तेव्हा बाई कण्हल्या. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा रडल्या. तिसऱ्यांदा सुई बसली.

तो यादी हातात धरून पायथ्याशी उभा होता. ताईने पट्टी चिकटवली, बाईंच्या कपाळावरून हात फिरवला, त्याच्या हातातला कागद ओढून घेऊन सही केली आणि परत दिला.

"आईच्या वेळी तू झोपला होतास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज तर चांगला जागा होतास."

ती पुढच्या बाटलीकडे वळली. तो पिशवी उचलून जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीला पिशवी कठड्यावर आदळली, आतली एक खिट्टी निसटली, मग दुसरी, आणि घंट्या वाजू लागल्या. रिकामी झाली की वाजायचं, एवढंच तर त्याने त्यांना शिकवलं होतं. वर वॉर्डात ताईची पावलं सवयीने धावली आणि थांबली. त्याने पिशवी पोटाशी घट्ट आवळली. तरी चाव्या संपेपर्यंत, तिन्ही मजले, त्या वाजतच होत्या.