खालच्या फळीवरची धाकटी

मी धाकटी बोलतेय. आरशात शोधू नका, भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघू नका. मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, डावीकडून पहिली, गोल पोटाची, डोक्यावर जाड कडीसारखी मूठ असलेली काळी वस्तू दिसतेय ना, ती मी. व्यायामाच्या दुकानात आम्हाला केटलबेल म्हणतात. म्हणोत बापडे. मी किटलीसारखी दिसते हे मला मान्य आहे, पण माझ्यातून आजवर कुणाला घोटभर चहा मिळालेला नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा; आमचं बारसं एवढंच. ओतताना माझ्या मुठीवर एक बारीक गाठ राहून गेली. घासणाऱ्या कारागिराने तिच्यावर कानस फिरवली आणि मग, जेवायची वेळ झाली म्हणून म्हणा किंवा कंटाळा आला म्हणून म्हणा, तशीच सोडून दिली. त्या गाठीचे मी आभारच मानते. घाबरलेल्या माणसाच्या अंगठ्याला चाचपायला काहीतरी लागतं. माझ्याकडे ते आहे.

आम्ही सगळ्या एकदमच या घरात आलो, एकाच मांडवात उरकून टाकलेल्या जावांसारख्या. थोरली इतकी जड की तिला उचलण्याआधी माणसं तळहाताला खडूची भुकटी लावून तिच्याकडे आदराने बघतात. मधल्या दोघींना रोजचं काम. आणि मी सगळ्यात हलकी.

आम्हाला आणलं बाईंनी. बाई म्हणजे इथल्या शिक्षिका. बुटक्या, चपळ, गळ्यात शिट्टी. टायरच्या दुकानामागचं एक गोदाम त्यांनी घेतलं, जमिनीवर रबराच्या चटया अंथरल्या, भिंतीला फळा ठोकला आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. फळ्यावर फेऱ्या लिहिलेल्या असतात. एका फेरीत उड्या, बैठका, पालथं पडून झटक्यात उठणं आणि आमचे झोके. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं आणि सगळ्या फेऱ्या संपवूनच थांबायचं. पाहुण्यांना वाटतं, इथे कुणीतरी कुणाला तरी शिक्षा करतंय.

सुरुवातीला माझा काय रुबाब होता! येणारा प्रत्येक नवखा आधी माझ्याच हाताला लागायचा. मग दंडात बळ आलं की मधलीकडे जायचा आणि परत वळूनही बघायचा नाही. आधी वाईट वाटायचं. पुढे कळलं की पाळण्यातून उतरलेलं मूल पाळण्याची विचारपूस करत नाही, आणि त्यात पाळण्याचा अपमानही नसतो.

पण मग नवखे यायचेच थांबले. जुने सगळे बळकट झाले, आणि एके दिवशी दार उघडं धरणारी अडण तुटली. दार आपोआप मिटायचं, वारा यायचा नाही. बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मला उचलून दारात ठेवलं. झालं, माझी नोकरी बदलली. येणाजाणाऱ्यांच्या पायाची बोटं माझ्यावर आपटायची आणि माझ्या कुळाचा उद्धार व्हायचा. मी अंगावर धूळ घेऊन बसून राहायचे. उंबरठ्यावर बसलं की आतलंही ऐकू येतं आणि बाहेरचंही, तेवढीच करमणूक.

तशात एका संध्याकाळी एक अनोळखी बूट माझ्यावर आपटला आणि वरून हळू आवाज आला, "सॉरी."

मला. लोखंडाच्या गोळ्याला.

ती नवी होती. अंगकाठीने बारीक, डोळे सगळीकडे फिरणारे आणि तोंड मिटलेलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना काचा बदलून "आता नीट दिसतं का?" असं विचारण्याचं काम करायची. नुकतंच लग्न झालेलं. तिला घेऊन आली होती तिची धाकटी नणंद, वर्गातली सगळ्यात उत्साही पोरगी. आवाजामुळे तिला इथे सगळे भोंगा म्हणतात. भोंग्याने दारातूनच जाहीर केलं की ही आमची वहिनी, आजपासून येणार. त्या दिवसापासून ती अख्ख्या वर्गाची वहिनी झाली. बाईंचीसुद्धा.

बाईंनी तिला बूट चोळताना पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "हिलाच घे. ओळख तर झालीच आहे."

तिने मला फडक्याने पुसलं. तिचा अंगठा फिरत फिरत बरोब्बर गाठीवर येऊन थांबला.

वहिनीचं मला पहिल्या दिवसापासून कौतुक वाटलं. जमत होतं म्हणून नव्हे. काही म्हणजे काही जमत नव्हतं. झोका देताना तिची पाठ वाके, उडीत पाय अडखळत, आणि धाप लागलेली कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायची, त्यामुळे अजूनच धाप लागायची. पण बाईंनी एकदा सांगितलेली चूक ती दुसऱ्यांदा करत नसे. ती रोज नवी चूक करी. यायची वेळ झाली की यायची, मला पुसायची आणि उचलायची.

अडचण वेगळीच होती.

आमच्या वर्गाचा एक रिवाज आहे. शेवटच्या माणसाची शेवटची फेरी संपेपर्यंत कुणी सामान उचलायचं नाही, कुणी बूट सोडायचे नाहीत. सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. रिवाज चांगल्या मनाने पडलेला आहे, यात शंका नाही. फक्त तो पाडणाऱ्यांपैकी कुणीही लाजाळू नव्हतं.

वहिनी अर्थातच रोज शेवटची. मग गोल व्हायचा आणि टाळ्या सुरू व्हायच्या. सगळ्यात पुढे भोंगा. "चल वहिनी, अजून एक, मस्त वहिनी!" माझ्या मुठीवरचे तिचे हात घामाने नव्हे, शरमेने ओले व्हायचे. दोन्हींतला फरक मला कळतो. हातांच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा अनुभवी आहे.

वर्ग सुटला की मी परत दारात, आणि तिचा नवरा तिला न्यायला येई. पायरीशी दोघं थांबत. भोंगा आत गप्पा मारत असे. टाळ्या वाजवतात, असं तिने एकदा त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग चांगलंच आहे की.

"लहान मुलाने आपलं आपण नाक पुसलं की वाजवतात ना, तशा," ती म्हणाली. "आणि घरीही तेच. मी पेला उचलून ठेवला तरी आई म्हणतात, वा! चहा केला तर सगळे वा वा करतात. मी काय बक्षीस समारंभाला आलेय का?"

मग तो म्हणाला की चहा खरंच छान असतो. ती त्याच्याकडे बघत राहिली.

आणि मग एक दिवस तिने ते केलं. कुणाला दिसलं नाही, पण मोजणारं तोंड जरी तिचं असलं तरी झुलणारी मी होते. फळ्यावर जेवढ्या फेऱ्या लिहिल्या होत्या, त्यातली शेवटची तिने केलीच नाही. मला खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि झालं म्हणाली. कुणी विचारलं नाही. इथे कुणी कुणाच्या फेऱ्या मोजत नाही. जो तो आपला श्वास शोधत असतो. त्या दिवशी गोल झाला तो बेकरीवाल्याभोवती. आमचा बेकरीवाला म्हणजे पिठाचं पोतं एका हाताने उचलणारा, पण उड्यांच्या नावाने आनंद असलेला अवाढव्य माणूस. वहिनी गोलात उभी राहिली आणि तिनेही टाळ्या वाजवल्या, फार हळू.

भोंग्याला तर आभाळ ठेंगणं झालं. वहिनी शेवटची नव्हती! तिने घरी गेल्यावर सगळ्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दारातून आत येताना पुन्हा आम्हालाही सांगितलं. आता माघार कशी घेणार? वहिनीने दुसऱ्या दिवशीही एक फेरी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही. तोंडाने खाल्लेलं पचतं, हे नाही पचत. मला पुसणं तिने बंद केलं. गाठीवर अंगठा ठेवायचीही टाळाटाळ करू लागली, जणू मी कुणाला जाऊन सांगणार होते.

एका संध्याकाळी पायरीवर तिने नवऱ्याला सांगून टाकलं की ती वर्ग सोडणार आहे, उद्या बाईंना सांगेल.

"पण आता तर तू मागे नसतेस म्हणे."

"तेच तर," ती म्हणाली आणि पायरी उतरून चालू लागली.

दाराला अडून बसलेली मी. मला दार उघडं ठेवता येतं. जाणाऱ्याला थांबवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. बाई आत फळा पुसत होत्या. वहिनी पायरीवर बसली, शब्दांची जुळवाजुळव करत असावी. तेवढ्यात बेकरीवाला आला आणि बुटाची नाडी बांधायला तिच्या शेजारी बसला. त्याला वाकायला वेळ लागतो, बांधायला त्याहून जास्त. काहीतरी बोलायचं म्हणून वहिनीने विचारलं, रोज शेवटी राहता, टाळ्यांचा त्रास नाही का होत?

"होतो की," तो म्हणाला. "कानठळ्या बसतात. तुमची नणंद तर माझ्या कानातच वाजवते." नाडीची गाठ सुटली, त्याने पुन्हा धरली. "पण वहिनी, मी पहाटे उठतो तो घाईतच. पाव झाला का, भट्टी लागली का, गाडी निघाली का. दिवसभर सगळे मला ढकलत असतात. अख्ख्या दिवसात ही एकच जागा आहे, जिथे एवढी माणसं माझ्यासाठी थांबतात. नुसती उभी राहून हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून वाजवतात बिचारी."

तो उठून आत गेला. त्याला काही माहीत नव्हतं. तो आपला नाडी बांधायला बसला होता. वहिनीने मला उचललं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि आत गेली. बाईंशी काहीच बोलली नाही.

त्या दिवशीच्या फेऱ्या दमछाक करणाऱ्या होत्या. एकेक जण संपवत गेला. वहिनीने मला खाली ठेवलं तेव्हा बेकरीवाल्याच्या उड्या चालू होत्या. गोल झाला, टाळ्या झाल्या, त्याचंही संपलं. लोक चटया गुंडाळायला वाकले.

"थांबा," वहिनी म्हणाली. आवाज इतका लहान की तिलाच पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा. माझी एक फेरी राहिलीये. आधीच्याही राहिल्यात, पण त्या करत बसले तर उजाडेल. आजची करते."

गोदामात टायरच्या दुकानातला हातोडा ऐकू येऊ लागला, एवढी शांतता झाली. भोंग्याचं तोंड उघडं राहिलं, आणि त्यातून आवाज येत नाहीये असं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी हातातली चटई खाली टाकली. ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही.

"मग कर," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठे जातोय?"

भोंग्याचे हात सवयीने वर आले. वहिनीने मान हलवली. "टाळ्या नकोत गं. नुसते थांबा."

आणि ते थांबले. काय दृश्य होतं ते! टाळ्या न वाजवणारी माणसं किती अवघडतात. एकाने हाताची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बेकरीवाला खिसे शोधत होता, त्याच्या पँटला खिसेच नव्हते. भोंगा चटईवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

वहिनीने उड्या मारल्या, बैठका काढल्या, पालथी पडली, उठली. या वेळी तोंड उघडून, भरपूर आवाज करत श्वास घेतला. मग मला उचललं. अंगठा गाठीवर. मी झुलले, मोजून पूर्ण झुलले. तिची पाठ सरळ होती, आणि हात ओले होते ते निव्वळ घामाने. शेवटच्या झोक्यानंतर तिने मला आपटलं नाही, हळू ठेवलं. बाईंनी फक्त चटई उचलली आणि म्हणाल्या, "आता आवरा."

निघताना पायरीवर भोंगा तिच्या मागे घोटाळत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागावू नकोस. तुझा चहा आमच्यात कुणालाच आवडत नाही. फार गोड असतो."

"पण आई तर दोन दोन कप घेतात!"

"दुसरा खिडकीतल्या कुंडीत जातो."

"तरीच," वहिनी म्हणाली, "त्या झाडाला एवढ्या मुंग्या." आणि मग ती हसायला लागली, इतकी की तिला दाराला धरावं लागलं. आतून सगळे बघायला आले. तिच्या नवऱ्याला कळेना की आपण हसायचं की माफी मागायची.

त्यानंतर ती बरेच दिवस शेवटचीच राहिली. गोल होतो, टाळ्याही होतात. भोंग्याला किती दाबणार? पण आधी विचारतात, "वाजवू की थांबू?" कधी ती वाजवा म्हणते, कधी थांबा म्हणते. बेकरीवाल्यालाही विचारतात आता. तो दर वेळी म्हणतो, कानात सोडून कुठेही वाजवा.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी तिने मला उचललं, मनगटावर तोललं आणि मधलीकडे बघितलं. मी ते बघणं ओळखते. पण ती इतरांसारखी गेली नाही. घरून लाकडाची एक पाचर आणली होती, ती दाराखाली सरकवली. मला पुसून मांडणीवर, जावांच्या रांगेत परत ठेवलं, गाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मग मधलीला उचललं. पहिल्याच झोक्याला तिचा तोल गेला. मला बरं वाटलं. थोडंसंच.

आता मी इथे असते. उंबरठ्यावरच्या गप्पा ऐकू येत नाहीत, एवढीच खंत. मगाशी दारात तुमचा बूट त्या पाचरीवर आपटला, तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि चटईच्या कडेला येऊन उभे राहिलात. तेव्हापासून तुमचा अंगठा बोटांत काहीतरी शोधतोय. या, खाली वाका. मी हलकी आहे; मला उचलताना लाजायचं कारण नाही आणि मला सोडून जातानाही नाही. धाप लागली तर तोंड उघडा. फेरी राहिली तर राहिली म्हणा. ती समोर मधलीला झोका देणारी वहिनी बघताय ना, ती थांबेल तुमच्यासाठी. तिला थांबता येतं. हातांचं काय करायचं, तेही तिला माहीत आहे.