दुधाळ भिंत, पिवळा बल्ब

ज्योत्स्नाने बाळाच्या नाकावर अंगठा दाबला, उचलला आणि तिथली कातडी निरखून बघितली.

“अण्णा, पिवळं दिसायलंय.”

नागनाथ खोलीच्या दारातच उभा होता. तो बाळाकडे न बघता भिंतीकडे बघून हसला.

“ती भिंत बी पिवळी दिसायलीय की. मी दुधाळ रंग मारलाय तिला. हातच्या काकणाला आरसा कशाला? बल्बाचा गुण हाय तो.”

हे सांगायचा हक्क हुलसुरात त्याच्याइतका कुणाला नव्हता. तीस वर्षं त्याने गावाच्या भिंती रंगवल्या होत्या. हे नवे बल्ब आल्यापासून तर दर चार घरांमागे एक भांडण ठरलेलं. कागदावर गुलाबी होता, भिंतीवर विटकरी कसा झाला? मग नागनाथ रंग लावलेला पुठ्ठा घेऊन गिऱ्हाइकाला अंगणात न्यायचा. “आधी उजेडात बघा, मग भांडा,” म्हणायचा. गिऱ्हाईक मुकाट्याने परत यायचं.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली म्हणून ही खोली त्याने स्वतः रंगवली होती. पांढरा बल्ब बाळाच्या डोळ्यांवर येतो म्हणून पिवळा लावला, तोही त्यानेच. वारं लागू नये म्हणून त्याच्या बायकोने, शोभाबाईने, खिडकीला गोधडी ठोकली होती. दवाखान्यातून आल्यापासून तीन दिवस बाळाने या बल्बाशिवाय दुसरा उजेड बघितला नव्हता.

“काल नुसतं तोंड होतं, आज पोट बी तसंच,” ज्योत्स्ना म्हणाली. “आन दूध ओढंना झालंय. उठवलं तरी झोपायलंय.”

“झोपणारं लेकरू गुणाचं,” शोभाबाई म्हणाली. “तू बी अशीच होतीस.”

“आई, मी कालपासून सांगायलेय.”

ज्योत्स्नाने बापाकडे सरळ बघितलं.

“लोकांच्या भिंतीसाठी पुठ्ठा भाईर नेता, अण्णा. ह्येला कामून न्हाई?”

“पाच दिवसाचं लेकरू उंबऱ्याभाईर?” शोभाबाई आडवी आली. “वारं लागंल त्येला.”

नागनाथला राग आला. आपल्या नजरेवर आपल्याच लेकीने शंका घ्यावी, हे त्याला झोंबलं. त्याने बायकोला हाताने बाजूला सारलं आणि बाळ उचललं.

“चल भाईर. होऊ दे तुझं समाधान.”

सकाळचे दहा वाजले होते. अंगणात लख्ख ऊन होतं. ओट्याच्या सावलीत बसून त्याने खिशातला धुतलेला रुमाल काढला आणि बाळाच्या गालाखाली सरकवला. रुमाल पांढराच राहिला. गाल हळदीचा झाला होता. त्याने तळपाय उघडून बघितले, तेही तसेच. मग बाळाने डोळे किलकिले केले आणि बुबुळांभोवतीचा पिवळेपणा बघून नागनाथ बाळाला घेऊन ताडकन उठला.

“काय झालं?” शोभाबाईने दारातून विचारलं.

“रिक्षा बोलाव. बसवकल्याणला जायचं.”

तो वळला तेव्हा ज्योत्स्ना पायात चप्पल घालून मागे उभी होती. दवाखान्याचे कागद, दुपटी, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत होतं. पिशवी कालच भरलेली होती.

दवाखान्यात बाळाला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. त्या उजेडात बाळ निळं, चादर निळी, नागनाथचा हातही निळा. तीस वर्षांच्या त्याच्या नजरेला तिथे काहीच कळत नव्हतं. तो तासन्‌तास काचेपाशी उभा राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेत्रावती सिस्टर कागद घेऊन आली.

“कावीळ उतरायलीय, अण्णा. रिपोर्ट चांगला हाय.”

“सिस्टर, जरा दिवा बंद करून खिडकीपाशी आणता का त्येला?”

“रिपोर्टवर इश्वास न्हाई व्हय?”

“हाय. तरी आणा.”

तिने पट्टी सोडली, बाळ खिडकीत आणलं. सगळ्यांनी नागनाथकडे बघितलं. तो बाळावर वाकला, क्षणभर थांबला आणि मागे सरून त्याने लेकीला जागा करून दिली.

“तू बघ, बाई. तू सांग.”

ज्योत्स्नाने नाकावर अंगठा दाबला, उचलला. घाई केली नाही.

“उतरलंय. पर अजून थोडं हाय, अण्णा.”

नागनाथने मान डोलावली.

“दिवा लावा, सिस्टर,” तो म्हणाला. “हाय म्हणतीय ती.”