लिलावातलं पिल्लू

यशया उजागरे खाटेखाली कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर उरले होते ते त्याचे पाय आणि एक सुटलेली चप्पल.

"या मॅडम, या. बघा तुमच्यासाठी काय आनलंय," तो आतून बोलत होता. भिंगार कॅम्पात गल्लोगल्ली पाणी सोडण्यात उभी हयात गेलेली, त्यामुळे आवाज मुळात दणकट. तो मऊ करायला गेला की घसा बसल्यासारखा वाटे. चिमटीत उकडलेल्या कोंबडीचा तुकडा होता. पार कोपऱ्यातून, पत्र्याच्या पेटीमागून, दोन गोल डोळे बघत होते. तुकड्याकडे नाही, त्याच्याकडे.

"तुमचं बी अंथरून तिथंच टाकू का?" रेबेका भाकरी थापत म्हणाली. ती मूळची खर्ड्याची. नवऱ्याला टोमणा मारताना तिचा हात कधी थांबत नसे.

"तू गप. आता येत हुती."

"सकाळधरनं येतीच हाय."

तेवढ्यात दारात कुणीतरी "सलाम" म्हणालं आणि यशया इतक्या घाईने निघाला की खाटेची पट्टी टाळक्यात बसली. दारात जेम्स भिंगारदिवे उभा होता. चर्चच्या एकाच मंडळीतला, मागच्या गल्लीत राहणारा, नगरला एका शाळेची बस चालवणारा.

"शुक्रवारी संध्याकाळी कॅरोलवाले तुमच्याकडं येतील. तेवढं सांगायला आलतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "मांजर रुळली का, यशयाभाऊ?"

"रुळली की. मांडीवरून उठत न्हाई."

जेम्सने त्याच्या हातातला तुकडा पाहिला, केसांना लागलेलं जळमट पाहिलं. "चांगलं झालं," एवढंच म्हणाला आणि गेला. हसला असता तर परवडलं असतं. यशयाची कानशिलं तापली. खोटं बोलल्याची लाज होतीच, पण ते जेम्सपाशी बोललो याची जास्त होती. कारण ते पिल्लू खरं म्हणजे जेम्सच्या घरी जायचं होतं.

कापणीच्या सणाला मंडळीत जो तो आपलं पहिलं फळ घेऊन येतो. बाजरी, भोपळे, अंडी, गावरान कोंबड्या, एखादी शेळीसुद्धा. उपासना झाली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो. या लिलावाची एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. बोली जिंकणारा वस्तू घरी नेतोच असं नाही. तो ती परत देवाला देऊन टाकतो आणि तोच भोपळा पुन्हा लिलावाला उभा राहतो. आणि एखाद्या लेकराचा जीव एखाद्या कोंबडीत गुंतला असेल, तर जिंकणारा ती त्या लेकराच्या हातात ठेवतो. मग टाळ्या वाजतात आणि सगळे जेवायला बसतात.

यंदा शाळेतल्या आराधनाबाईंनी टोपलीतून पर्शियन मांजरीचं पिल्लू आणलं. पांढरंशुभ्र, बसक्या नाकाचं, आणि केस इतके की पिल्लू नेमकं कुठे संपतं ते कळू नये. जेम्सची जेनिफर, तिसरीतली, उपासनाभर त्या टोपलीपाशी मांडी घालून बसली होती. लिलावात जेम्सने तोंड उघडलं तशी बाकीच्यांनी आपणहून मिटली. ठरल्यासारखंच होतं सगळं.

तेवढ्यात माइक बंद पडला. लिलाव पुकारणाऱ्या मास्तरांनी पिल्लू शेजारी उभ्या यशयाच्या हातात दिलं. "धरा जरा." माइक दुरुस्त झाला तो एकदम किंचाळला, आणि पिल्लू घाबरून यशयाच्या स्वेटरमध्ये शिरलं. डोकं पार काखेत खुपसलं. त्याची नखं बनियनमधून कातडीला लागत होती आणि त्याचं बारकं काळीज यशयाच्या बरगडीवर धडधडत होतं.

यशयावर असा भार कुणी टाकला नव्हता. मुलगा डॅनी लहान होता तेव्हा हा पहाटेच पाणी सोडायला बाहेर, आणि परत येईतो पोरगं शाळेत. आता तो पुण्याला होता आणि रविवारी फोन करायचा. लोक यशयाला ओळखत ते पाण्यावरून. आलं की कुणाला आठवण नाही, नाही आलं की सगळ्यांना. या पिल्लाने आपल्याला निवडलं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. वाटलं काय, खात्रीच पटली. जन्मात ज्याने लिलावात साधी कोथिंबिरीची जुडी घेतली नव्हती, त्याने बोली लावली.

लोक हसले. जेम्सने बोली वाढवली. यशयाने वाढवली. मग हसणं थांबलं. जेम्स गप्प झाला, तेव्हा मास्तरांनी जरा जास्तच वेळ घेऊन तीनदा पुकारलं. सगळ्यांच्या माना यशयाकडे वळल्या होत्या आणि जेनिफरने दोन्ही हात पुढे केले होते. रीत त्यालाही पाठ होती. तो पिल्लू तसंच काखेत धरून फाटकाबाहेर पडला.

घरी आल्यावर त्याने ते खाली ठेवलं. ते खाटेखाली गेलं आणि तिथलंच झालं.

रेबेकाने त्याला मॅडम हे नाव पाडलं. मॅडम यशया झोपल्यावर बाहेर येत, खात, रेतीच्या घमेल्यात जाऊन येत. रेबेका तांदूळ निवडत असली तर तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसतसुद्धा. यशया दारात दिसला की उठत. पळत नसत. उठून जात, आणि ते पळण्यापेक्षा लागायचं.

त्याने काय केलं नाही? जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. यशयाला वाईट वाटलं. आजारी असती तर काही कारण तरी मिळालं असतं. डॅनीने फोनवर सांगितलं, "पप्पा, वेळ लागतो तिला. तिच्याकडं बघून डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. मांजरांना त्यात माया कळते." मग यशया खाटेसमोर पाट टाकून बसला आणि डोळे मिटू-उघडू लागला.

"डोळ्यात काय गेलं का?" रेबेकाने विचारलं.

"काय न्हाई."

"मग तिला डोळं कशाला मारताय?"

तो उठून अंगणात गेला. तिथे उन्हात उभं राहिल्यावर त्याला स्वच्छ कळलं की तिने आपल्याला निवडलं वगैरे काही नव्हतं. ती माइकला भ्यायली आणि समोर जी सांद दिसली त्यात शिरली. तिथे बाजरीचं पोतं असतं तर पोत्यात शिरली असती. आणि तेवढ्यावर आपण एका लेकराच्या तोंडचा घास काढून घेतला, सगळ्या मंडळीदेखत. चर्चमध्ये आता तो मागच्या बाकावर बसायचा. कुणी काही बोलत नव्हतं. "मांजर कशी आहे?" एवढंच विचारत, आणि तो म्हणे, मजेत.

शुक्रवारी कॅरोलवाले आले. गिटार, खंजिरी, सांताक्लॉजची टोपी घातलेलं एक पोरगं. गाणी झाली, रेबेकाने करंज्या फिरवल्या, आणि पोरांनी मांजराचा धोशा लावला. "काका, मांजर दाखवा ना."

"झोपलीय," यशया म्हणाला. दोन पोरं खाटेखाली वाकलीच. "अय्यो, ही तर बसलीय पेटीमागं. कशी घाबरलीय बघ."

जेनिफरही आली होती. ती आत आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, चपला न काढता उभी राहिली. करंजी दिली तर घेतली, थँक्यू म्हणाली. पोरं खाटेखाली वाकली तेव्हा तिनेही अंमळ मान झुकवली, आणि यशया बघतोय म्हटल्यावर सरळ केली. ती रडली असती किंवा फुगून बसली असती तरी त्याला सोसलं असतं. तिने ती मान सरळ केली, ते त्याला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पेटी सरकवली, हात ओरबाडून घेतले आणि मॅडमना बाहेर काढलं. "जेम्सकडं देऊन येतो," तो म्हणाला.

रेबेकाने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण तिने नुसता खुंटीवरचा त्याचा डुटीचा मरून रंगाचा स्वेटर काढला. "यात गुंडाळा. थरथरतीय."

स्वेटरमध्ये घेतल्यावर पिल्लू शांत झालं. मारुतीच्या पारापाशी एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला आणि पिल्लाने पुन्हा डोकं यशयाच्या काखेत घातलं. पूर्वीसारखंच, पार आत. आता यशयाला माहीत होतं की हे भ्याल्याचं आहे, आपल्यासाठी नाही. तरी तो लांबच्या रस्त्याने गेला.

जेम्सच्या दारात तो पाठ केलेलं सगळं विसरला. "जेनिफर, ही तुझी हाय," तो म्हणाला. "चुकलं माझं, जेम्स. मी न्यायलाच नको हुती."

"अहो यशयाभाऊ, असं काय... ती तर विसरून पण गेली."

"न्हाई विसरली."

जेम्सने मान खाली घातली. जेनिफरने आधी हात फ्रॉकला पुसले, मग पिल्लू घेतलं. पिल्लाने एक हिसका दिला, खाली उडी मारली आणि दिवाणाखाली गेलं. जेनिफर फरशीवर पालथी पडली. "ये ना. ये, ये." तिने किती तरी वेळ हाका मारल्या. मग ती तशीच पडल्या-पडल्या वळली. तिचे डोळे भरले होते.

"काका, ही माझ्याकडं का येत नाही? तुमच्या मांडीवरून तर उठत नाही ना. पप्पा म्हणाले."

जेम्स म्हणाला, "जेनी, काकांना चहा..."

"थांब," यशया म्हणाला. तो गुडघ्यांवर हात ठेवून पोरीसमोर बसला. जेम्स ऐकत होता, जेम्सची बायको आतून ऐकत होती. "मी खोटं बोललो पप्पांना. माझ्या मांडीवर ती कदीच आली न्हाई. एकदा बी न्हाई. तुझ्यात काय खोट न्हाई, पोरी. मला लाज वाटत हुती म्हनून मी तसं सांगितलं."

जेनिफरने नाक पुसलं. "एकदा पण नाही?"

"एकदा बी न्हाई."

ती पुन्हा दिवाणाखाली बघायला लागली, या खेपेला जरा धीराने. यशयाने चहा घेतला नाही. स्वेटर दिवाणाच्या कडेला पडला होता, तो त्याने उचलला आणि घरी आला. लाज गेली नव्हती, पण आता तिच्याबरोबर चालता येत होतं.

स्वेटर बघून रेबेका म्हणाली, "परत आनला व्हय?"

"मग? पहाटं डुटीला काय घालू?"

रेबेका खाली बसली. मांडीवरचा लसूण तिने बाजूला ठेवला. "त्याच्यावर झोपायची ती."

"कोन?"

"मॅडम. तुमी डुटीवरून येऊन स्वेटर खाटेवर टाकायचा आन् बाहेर जायचा, की ती वर चढायची. बाहीत तोंड घालून झोपायची. तुमची चाहूल लागली की उठायची. तुमी आलं की धरायला बघता, मग काय करंल ती? मी रोज केस झटकून खुंटीला लावत हुते."

"मला बोलली न्हाईस."

"बोलले असते तर तुमी दिली असती?" रेबेकाने त्याच्यावरची नजर काढली नाही. "त्या पोरीचं तोंड मला बघवत न्हवतं. सणाच्या दिवशी तिनं हात पुढं केले हुते, आन् तुमी तसंच निघून आलात. मी मागनं आले, सगळ्यांच्या मधून. माझं काय झालं असंल?"

हे तिने इतक्या दिवसांत एकदाही काढलं नव्हतं. यशयाला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याने स्वेटर उजेडात धरला. आज गुंडाळल्याचे केस वरवरच होते, एरवी तो झटकून झटकून स्वच्छ केलेला होता. फक्त डाव्या बाहीच्या आत, काखेच्या शिवणीत, दोनचार पांढरे केस अडकून राहिले होते. म्हणजे ती आली होती. तो नसताना, तिच्या पद्धतीने, रोज आली होती. आणि आत्ताच आपण एका लेकराला ठासून सांगून आलो, की कधीच आली नाही.

तो उठला आणि स्वेटर घेऊन पुन्हा बाहेर निघाला.

"अहो, पहाटं थंडी लई हाय," रेबेका मागून म्हणाली. त्याने ऐकलं, पण थांबला नाही.

दार जेनिफरनेच उघडलं. "हा दिवानाखाली सरकव," तो म्हणाला. "तिला याच्यावर झोपायची सवय हाय."

"आणि तुम्हाला?"

"मला दुसरा हाय."

दुसरा नव्हता. पण हे खोटं बोलताना त्याची कानशिलं तापली नाहीत.

सकाळी जेम्सच्या गल्लीच्या तोंडाशी यशयाने पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण उघडलं, खांद्यावरची लांब लोखंडी चावी आत घातली आणि फिरवली. लोखंड गारेगार होतं. पाइपात आधी हवा खोकली, मग पाणी चालू लागलं. घराघरांतून हंडे, बादल्या निघाल्या. जेनिफर शाल गुंडाळून नळापाशी आली.

"काका, ती स्वेटरवर झोपली. माझ्याकडं नाही आली अजून."

"येईल. मागं लागू नको."

"स्वेटर कुठं आहे तुमचा? दुसरा?"

"धुतलाय," यशया म्हणाला. "बादली भरली बघ तुझी."

ती बादली उचलायला वळली. पुढच्या गल्लीचं पाणी सोडायला अजून थोडा अवकाश होता. यशयाने चावी भिंतीला टेकवली, नुसत्या शर्टात तिथेच उभा राहिला आणि गारठलेले दोन्ही हात आपल्याच काखेत घातले.